पक्के आणि धोकादायक, एकाच सकाळी

सन एकोणीसशे एकावन्न, मे महिना. सकाळचे सव्वादहा, मुंबई टाईम. अंधेरी स्टेशनावरून वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची माणिक निवास ही बैठी चाळ. सात खोल्या, सात बिऱ्हाडे. चाळीच्या पुढे आंब्याखाली खुर्ची टाकलेली, खुर्चीत विमा कंपनीचे सर्व्हेअर, त्यांच्या हातात कोकमाचे सरबत. चाळीच्या मागे शिडी लावलेली, शिडीवर मालकाचा गडी काशीराम, त्याच्या हातात लोखंडी पहार.

मी या चाळीचे छप्पर बोलतोय. त्या सकाळी पुढच्या अंगणात मी किती पक्का आहे याचे गुणगान चालले होते आणि त्याच वेळी मागच्या अंगणातून मला भोक पाडायची तयारी चालली होती. दोन्ही कामे एकाच माणसाने काढलेली. साक्षीदार पुष्कळ होते. माझा जबाब मात्र कोणी घेतला नाही, म्हणून तो मीच देतो.

माझा जन्म लढाईच्या आधीचा. थोरल्या मालकांनी ही चाळ बांधली तेव्हा आसपास भाजीचे मळे आणि खाजण एवढेच होते. माझी कौले मंगळूरहून फत्तेमारीने आली. थोरले मालक स्वतः धक्क्यावर गेले आणि एकेक कौल बोटाने वाजवून घेतले. खणखणले ते घ्यायचे, भदभदले ते परत. कौलांचा व्यापारी वैतागला.

"मालक, कौलं घेताय की तबला?"

"वाजलं नाही ते गळणार," थोरले मालक म्हणाले, "आणि गळलं की शिव्या मला पडणार, तुला नाही."

असा मी वाजवून घेतलेला माल. माथ्यावर सागाचे आढे, सागाचे वासे, त्यांवर रिपा आणि रिपांवर मी. माझी पुढची उतरती बाजू, म्हणजे पुढचे पाखे, रस्त्याकडे ताठ, मागचे अंगणाकडे इतके खाली आलेले की बायका हात उंच करून त्याच्यावर सूप ठेवू शकतात. दोन पाख्यांचा हा फरक लक्षात ठेवा. पुढचे पाखे लोकांना दाखवायचे, मागचे वापरायचे. माणसेही बरीचशी अशीच बांधलेली असतात, हे मी वरून पाहून सांगतो.

थोरले मालक गेले आणि त्यांचे चिरंजीव नंदकिशोरराव मालक झाले. त्यांनी वडिलांकडून भिंतीवरचे मोठे घड्याळ घेतले, आंब्याखालची खुर्ची घेतली, दर महिन्याचे भाडे घेतले. मला घ्यायचे राहिले. दर वर्षी पावसाआधी छप्पर शाकारायचे असते. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, शेवाळ खरवडायचे, पुन्हा बसवायची. नंदकिशोररावांनी ते पहिल्याच वर्षी बंद केले.

"भाडं सरकारनं बांधून टाकलंय लढाईपासून," ते म्हणायचे. "भाडं जुनं आणि सुतार नवा. मी कुठून शाकारू?"

या बोलण्यात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. भाडे खरेच जुने होते. पण पाणी काही कायदा वाचून गळत नाही. आणि आंब्याखालची ती खुर्ची दर दिवाळीला नव्याने विणली जायची, तेव्हा सुतार कोणता होता, जुना की नवा, हेही कोणी विचारायला हवे होते.

मग भाडेकरूंनी मला हातात घेतले. दर वैशाखात एक रविवार ठरायचा. पुरुष वर चढायचे, बायका खाली खोल्यांची दारे-खिडक्या लावून अंधारात उताण्या पडायच्या. कौल सरकले असेल तिथून उन्हाचा ठिपका दिसतो. त्याला आमच्या चाळीत चांदणी म्हणतात. चांदणी दिसली की खालून केरसुणीच्या काठीने तिथे ठोकायचे, वरच्याने ते कौल नीट करायचे. भर दुपारी अंधार करून चांदण्या मोजणारी दुसरी चाळ साऱ्या उपनगरात नसेल.

या कामात सगळ्यांत मोठा आवाज तिसऱ्या खोलीतल्या पद्मजाबाईंचा. त्यांचे यजमान अनंतराव फोर्टात कारकून, स्वभावाने गरीब, उंचीला घाबरणारे. अर्धी विजार घालून, डोळे मिटून ते माझ्यावर ओणवे बसायचे आणि खालून हुकूम सुटायचे.

"अहो, डावीकडे! माझ्या डावीकडे, तुमच्या नव्हे!"

"तू झोपली आहेस, मी बसलोय. डावं कुठलं ते एकदा ठरव ना!"

"मी ठोकते तिथे हात लावा."

"तू ठोकतेस तिथे माझा गुडघा आहे गं!"

सात खोल्या हसायच्या. मीही हसायचो, कौले थोडी खुळखुळायची, आणि लोक म्हणायचे वारा सुटला.

त्या वर्षी पद्मजाबाई उताण्या पडू शकणार नव्हत्या. त्यांना दिवस गेले होते, सातवा लागला होता. माहेरी करणारे कोणी उरले नव्हते, तेव्हा पहिले बाळंतपण इथेच, माझ्याखाली, असे ठरले होते. श्रावणात. पाळणा कुठल्या वाशाला टांगायचा तेही त्यांनी मान वर करून दोनदा ठरवून घेतले होते. वासा माझ्या माहितीतला. मी आतून फुगलो होतो.

बाळंतपणाला हात द्यायचा शब्द शेवटच्या खोलीतल्या अंजनाबाईंनी दिला होता. या वेसाव्याच्या. अंधेरीच्या बाजारात मासळी विकायच्या आणि रोजची पायपीट नको म्हणून इथे खोली घेऊन राहिलेल्या. माझ्या मागच्या पाख्यावर त्या जवळा वाळवायच्या. जवळा म्हणजे तांदळाएवढी कोळंबी, आणि वास मात्र तिच्या मानाने फार मोठा. यावरून दोघींचे दोन वर्षे भांडण होते. पाचव्या महिन्यात एका दुपारी पद्मजाबाई मागच्या दारी आल्या आणि इकडेतिकडे पाहत म्हणाल्या,

"अंजनाबाई, जरा मूठभर द्याल का?"

अंजनाबाईंनी कपाळाला हात लावला. "आता गं माय! दोन वरसं नाक धरून जातेस नि आता डोहाले लागले जवल्याचे? घरात ठावं हाय?"

"यांना सांगू नका हो."

"मी कशाला सांगते? वासच सांगल."

वासाने सांगितलेच.  दुसऱ्या दिवशी अनंतराव स्वतः बाजारातून लिंबू घेऊन आले, वर पिळायला. अशी माणसे माझ्याखाली राहत होती.

आता त्या सकाळकडे येतो.

चैत्रात नंदकिशोररावांनी चाळ विकायला काढली. घाटकोपरचे एक गिऱ्हाईक आले. शहाणे गिऱ्हाईक. खोल्या नंतर पाहिल्या, आधी रस्त्यात उभे राहून मला पाहिले. भाड्याची चाळ घेणाऱ्याने असेच पाहावे. भिंतीला रंग देता येतो, दाराला नवी कडी लावता येते, पण छप्पर गेले तर चाळ गेली. त्यांनी दोन अटी घातल्या. चाळीचा विमा उतरलेला हवा, आणि खोल्या रिकाम्या हव्यात.

पहिली अट माझ्या जिवावर. विमा कंपनी आगीचा विमा उतरवते, वादळाचा उतरवते, पण आधी विचारते ते छप्पर. गवताचे आहे का? वासे किडलेत का? कौले सैल आहेत का? छप्पर धड असेल तर विमा, नाहीतर नमस्कार.

दुसरी अटही माझ्याच जिवावर. भाडे देणाऱ्या भाडेकरूला सहज काढता येत नाही. पण छप्पर मोडकळीला आले आहे, माणसांच्या डोक्यावर पडेल, असे इमारती तपासणाऱ्या कचेरीने ठरवले तर आठ दिवसांत चाळ रिकामी.

म्हणजे विम्यासाठी मी पक्का हवा आणि खोल्यांसाठी मी मोडका हवा. तोच मी. तीच कौले. नंदकिशोररावांना यात काही अडचण वाटली नाही. आधी सर्व्हेअरला दाखवू, मग भोक पाडू, मग इन्स्पेक्टरला दाखवू, एवढा सोपा मामला. मग हे दोन वेगवेगळ्या दिवशी का नाही केले? कारण शिडी. लांब शिडी भाड्याने आणावी लागते, आणि एकाच दिवसाचे भाडे द्यायचा त्यांचा विचार होता. सात बिऱ्हाडे रस्त्यावर काढायला निघालेला माणूस शिडीच्या भाड्यात काटकसर करत होता. हे मी रचून सांगत नाही. शिडीवाल्याशी घासाघीस माझ्या वळचणीखालीच झाली.

विमा कंपनीचे चंद्रप्रकाश यांना त्यांनी दहा वाजता बोलावले, कचेरीच्या श्यामकांत इन्स्पेक्टरना अकराला. मध्ये तासभर. पुरुष सगळे कामावर गेलेले. हिशेब चोख होता, फक्त घड्याळ चुकले.

तुम्हाला ठाऊक असेल, तेव्हा मुंबईत दोन वेळा चालायच्या. एक आमची जुनी मुंबई टाईम, दुसरी सरकारी स्टँडर्ड टाईम, जवळजवळ पाऊण तास पुढची. नंदकिशोररावांचे ते वडिलोपार्जित घड्याळ मुंबई टाईमवर. त्याचे काटे पुढे करणे म्हणजे वडिलांचा अपमान, असे ते म्हणत. वडिलांचे छप्पर पाडणे हा मात्र अपमान नव्हता. चंद्रप्रकाश म्हातारे, जुन्या पेढीचे, त्यांच्या खिशातले घड्याळही मुंबई टाईमचेच. ते बरोबर दहाला आले. श्यामकांत तरुण, सरकारी पगाराचे. त्यांचे अकरा वाजले तेव्हा आमच्या आंब्याखाली सव्वादहा होऊन चारपाच मिनिटेच झाली होती.

चंद्रप्रकाशांनी मला नीट पाहिले होते. शिडी चढून आढ्यापर्यंत आले, दोन्ही पाख्यांवर नजर फिरवली, एका वाशाला नखाने टोचून पाहिले, आणि मग बोटाने एक कौल वाजवले. खण्ण! किती वर्षांनी कोणी मला असे वाजवले होते. माझ्या अंगावर काटा आला.

"छप्पर झकास राखलंय तुम्ही," ते खाली उतरून म्हणाले.

"राखावं लागतं," नंदकिशोरराव नम्रपणे म्हणाले. "वडिलांची शिकवण."

आतल्या खोलीत पद्मजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली आपटले, ते मी ऐकले.

मग सरबत आले. सर्व्हेअर निघून जायला हवे होते, पण उन्हातून आलेला म्हातारा माणूस आंब्याची सावली मिळाल्यावर निघेल कशाला? ते खुर्चीत बसून आपल्या नातवाच्या गोष्टी सांगू लागले. नंदकिशोररावांनी मागे हात करून काशीरामला खूण केली. काशीराम शिडी खांद्यावर घेऊन मागे गेला आणि चढला.

काशीरामबद्दल माझ्या मनात राग नाही. सांगितलेले काम तो सांगितल्यासारखे करतो. त्याने मागच्या पाख्यावरची, तिसऱ्या खोलीच्या मागच्या टोकावरची चार कौले पहारीने उचकटली. एकही फोडले नाही, वळचणीवर नीट रचून ठेवली. पाचवे उचकटताना मात्र पहार सरकली आणि जवळ्याच्या सुपाला लागली. सूप उलटले. अंगणात जवळ्याचा पाऊस पडला आणि कुठूनकुठून कावळे धावले.

अंजनाबाई बाजारातून नुकत्याच परतल्या होत्या. त्या मागच्या दारात आल्या तेव्हा त्यांना खाली कावळे दिसले आणि वर काशीराम.

"आरं काश्या! माझा जवला कावल्यांना घातलास रं! उतर खाली, तुजं टालकं शेकते!"

"अंजनाबाई, काम चाललंय. मालकांनी सांगितलंय."

"उतरत नाय? मग बस वर!"

आणि त्यांनी शिडी ओढून घेतली. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन कोस कोस चालणारी बाई ती, शिडी तिला काय जड? शिडी अंगणात आडवी झाली, आणि उडी मारावी तर थेट अंजनाबाईंच्या हातात, म्हणून काशीराम माझ्यावर अडकला. मला फार बरे वाटले. पहिल्यांदाच मला पाडायला आलेला माणूस मला सोडून जाऊ शकत नव्हता.

नेमक्या या वेळी मागच्या गल्लीतून, मळ्यांच्या वाटेने, श्यामकांत इन्स्पेक्टर आले. बरोबर एक शिपाई. त्यांनी जे पाहिले ते असे: एक बाई शिडीवर पाय देऊन कमरेवर हात ठेवून उभी, चाळीस-पन्नास कावळे, आणि छपरावर एक माणूस पहार घेऊन बसलेला.

"हीच का माणिक निवास?"

"हीच," काशीराम वरून आदबीने म्हणाला. "आपण कोण?"

"इमारती तपासणारा इन्स्पेक्टर. अकराची वेळ दिली होती."

काशीरामचे तोंड पडले. तो आढ्यावर चढला आणि पुढच्या अंगणात पाहून ओरडला, "मालक! अकराचे साहेब आले! अजून भोक पुरतं पडलं नाही!"

आंब्याखाली सरबताचा पेला टेकवल्याचा आवाज झाला.

पुढची धावपळ मी वरून पाहिली, तशी कोणालाच दिसली नसेल. नंदकिशोरराव चाळीच्या उजव्या बाजूने मागे धावले. चंद्रप्रकाश डाव्या बाजूने चालत आले. बाकी पाच खोल्यांच्या बायका मधल्या बोळातून आल्या. आणि सगळ्यांच्या मागून, पोटावर हात ठेवून, सावकाश पद्मजाबाई.

"अजून साडेदहासुद्धा झाले नाहीत," नंदकिशोरराव इन्स्पेक्टरवर ओरडले. "तुम्हाला अकराला बोलावलं होतं!"

"अकरा वाजून गेले," श्यामकांतांनी मनगट पुढे केले.

"माझ्याकडे दहा वाजून वीस," चंद्रप्रकाशांनी खिशातून घड्याळ काढले. "पण मालक, यांना बोलावलंत कशाला? छप्पर तर उत्तम आहे. मी आत्ताच पाहिलं."

"उत्तम?" श्यामकांत म्हणाले. "आमच्याकडे तक्रार आहे की छप्पर कोसळायला आलंय. सात कुटुंबांच्या जिवाला धोका आहे, खोल्या ताबडतोब खाली करा."

  पद्मजाबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. आठ दिवसांत खोली खाली, सातव्या महिन्याचे पोट, पुढे पावसाळा आणि जायला घर नाही. हे सगळे त्या एका नजरेत होते. मी काही करू शकत नव्हतो. छपराला हात नसतात.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही छप्पर पाहिलंत का?"

"समोर भोक दिसतंय ना, बाई. मला भोक दिसलं की मी भोक लिहिणार."

"एकच का लिहिता? आत या. सगळी भोकं एकदम दाखवते."

त्यांनी तिसऱ्या खोलीत चटई अंथरली. दार लावले, खिडकी लावली, खिडकीच्या फटीत लुगडे कोंबले. मग म्हणाल्या, "आता दोघांनी उताणं पडायचं. उजेड दिसेल तिथे भोक. आमच्याकडे अशीच तपासणी होते."

"बाई, मी कोट घालून आलोय," श्यामकांत म्हणाले.

"मीपण कोटातच आहे," चंद्रप्रकाश म्हणाले आणि सरळ आडवे झाले. म्हातारपणी दुपारच्या आत आडवे व्हायला मिळाले याचा त्यांना आनंदच झाला असावा. इन्स्पेक्टरना मग आडवे होणे भाग पडले.

दोन साहेब एका चटईवर, टोप्या पोटावर, डोळे माझ्याकडे. दारापलीकडे बायका तोंडात पदर घालून उभ्या. मी श्वास धरला. एकेका कौलाला सांगितले, हलू नका, गेल्या वैशाखात अनंतरावांनी ज्या गुडघ्यांनी तुम्हाला बसवले त्यांची शपथ. त्यांच्या डोक्यावर पूर्ण अंधार. एकही चांदणी नाही. थोरल्या मालकांनी वाजवून घेतलेली आणि सात बिऱ्हाडांनी दर वर्षी उतरवून पुन्हा बसवलेली माझी कौले एकाला एक घट्ट धरून होती.

"डोक्यावर काही दिसत नाही," चंद्रप्रकाश समाधानाने म्हणाले.

"एक दिसतंय," श्यामकांत म्हणाले. "तिकडे, मागच्या बाजूला. मोठं आहे."

खरेच होते. आतल्या आडभिंतीपलीकडे, वळचणीजवळ, चार कौलांचे भोक. आणि त्या उजेडात मधोमध एक डोके आले. काशीराम भोकातून खाली वाकून पाहत होता, आत काय चालले आहे ते कळेना म्हणून.

"साहेब," पद्मजाबाई म्हणाल्या, "त्या भोकाला तोंड आहे. त्यालाच विचारा कधी पडलं ते."

"आत्ताच पाडलं, साहेब," काशीराम वरून म्हणाला. "कौलं धड आहेत, इथेच रचून ठेवलीत. तुमच्या येण्याआधी मोठं करायचं होतं. पण मालकांचे अकरा नक्की कधी वाजतात तेच मला कळत नाही."

बाहेर पहिल्यांदा अंजनाबाई हसल्या. मग सगळी चाळ हसली. चटईवर पडलेले चंद्रप्रकाश इतके हसले की त्यांची टोपी पोटावरून उडाली. श्यामकांतांनी बराच वेळ तोंड गंभीर ठेवले, मग तेही सुटले. नंदकिशोरराव एवढेच म्हणाले, "कायद्यानं माझे हातपाय बांधलेत, हसा तुम्ही!" आणि आंब्याखाली जाऊन बसले.

काशीरामने कौले परत बसवली. अंजनाबाईंनी अट घातली होती, शेवटचे कौल बसल्याशिवाय शिडी मिळणार नाही. शिडी लागली आणि तो उतरला, तेव्हा त्यांनीच त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि वर एक टपली. श्यामकांतांनी लिहून दिले, छप्पर सुस्थितीत, धोका नाही. चंद्रप्रकाशांनी विम्याला होकार दिला. निघताना त्यांनी पद्मजाबाईंना विचारले, "दरवर्षी हे तुम्हीच करता?"

"आम्हीच."

"मग ती वडिलांची शिकवण?"

"वडिलांचीच आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "पोचली मात्र भाडेकरूंकडे."

आता एक गोष्ट राहिली. श्यामकांत मळ्यांच्या वाटेला लागले, तेव्हा त्यांच्या शिपायाच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी चौकोनी होते. पद्मजाबाईंनी हटकले. शिपाई भोळा, त्याने कागद सोडला. पत्र्याची पाटी निघाली. पांढऱ्यावर तांबड्या अक्षरांत: माणिक निवास, इमारत धोकादायक, आत राहू नये. चार कोपऱ्यांना खिळ्यांची भोकेसुद्धा पाडलेली. पद्मजाबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवले. बोटाला रंग लागला नाही. सुकलेला होता.

श्यामकांतांनी पाटी उलटून पाहिली. "मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पाहता मला ते खरे वाटले. "भांडारातून दिली," शिपाई म्हणाला. "सांगितलं, परत आणू नकोस, ठोकूनच ये." पद्मजाबाईंनी पाटी ठेवून घेतली. कोणी मागितली नाही.

घाटकोपरचे गिऱ्हाईक दुपारी आले. त्यांना सगळी हकीकत सात तोंडांनी ऐकावी लागली. ते पुन्हा रस्त्यात उभे राहून मला पाहू लागले, बराच वेळ. मग म्हणाले, "खोल्या रिकाम्या केल्या तर हे छप्पर राखणार कोण? राहू देत सगळे." विमा उतरलेले छप्पर आणि ते राखणारे भाडेकरू, दोन्ही मिळून त्यांनी चाळ घेतली. नंदकिशोरराव घड्याळ घेऊन सांताक्रूझला राहायला गेले. काशीराम त्यांच्याबरोबर गेला नाही. तो नव्या मालकाकडे राहिला आणि आता दर वैशाखात अनंतरावांच्या ऐवजी तोच वर चढतो. अनंतराव खालून हुकूम सोडतात, डावे-उजवे त्यांनाही जमत नाही.

श्रावणात पद्मजाबाईंना मुलगी झाली. बाहेर धो धो कोसळत होते आणि आत, ठरलेल्या वाशाखाली, एक थेंब नव्हता. अंजनाबाईंनी पोरीला वर धरून मला दाखवली. मी जन्मात पुष्कळ उन्हे, वादळे पाहिली, पण तेवढा आनंद कधी झाला नाही. पोर आता चालते, बोलते आणि झोपताना माझ्याकडे बोट करून चांदणी शोधते. सापडत नाही म्हणून रडते. असे रडणे मला चालते.

माझे आता बरे चालले आहे. शेवाळ थोडे जास्त धरते, पन्हळ एका बाजूला वाकला आहे. माझे मागणे लहान आहे. भाड्याची घरे घेणाऱ्यांनी, त्यांचा विमा उतरवणाऱ्यांनी आणि ती मोडकळीला आली असे सांगणाऱ्यांनी आधी वर चढून यावे. चपला काढून या, कौलावर पाय जपून टाका, आणि एक कौल वाजवून पाहा. मी खरे तेच सांगेन.

ती पाटी अंजनाबाईंकडे आहे. जवळ्यावर झाकण म्हणून बरोबर बसते. अनंतरावांनी कचेरीत तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब रजेवर होते, दुसऱ्यांदा साहेब बदलले होते, तिसऱ्यांदा सांगितले, अशी पाटी आमच्याकडे रंगवलीच जात नाही. नंदकिशोररावांना विचारले, ते म्हणाले, मी फक्त तक्रार केली होती.

पाटी रंगवून, सुकवून, खिळ्यांची भोके पाडून तयार झाली, तेव्हा कचेरीचा एकही माणूस माझ्यावर चढलेला नव्हता. ती कोणी रंगवून घेतली, हे आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही.